एकच ॲप, दोन बाजार: मोबाइल कंपन्या भारतासाठी काय बदलतात आणि परदेशासाठी काय?

मुकुंदवाडीत माझ्या काकांचं किराणा दुकान आहे. उधारीची लाल वही त्यांनी मोठ्या हौसेने बंद केली आणि मोबाइलमधल्या एका उधारीच्या ॲपवर सगळा हिशोब ठेवायला लागले. एका सकाळी ॲप उघडलं तर पडद्यावर एकच ओळ: नवीन व्हर्जनवर अपडेट करा. अपडेटचं बटण दाबलं तर प्ले स्टोअर म्हणालं, हे ॲप तुमच्या डिव्हाइसवर चालत नाही. म्हणजे जुनं ॲप उघडू देत नाही आणि नवं फोनमध्ये बसत नाही. चाळीसेक घरांची उधारी आत अडकलेली आणि काका बाहेर.

त्यांनी मला पुण्याला फोन केला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? माझी वही काढून दे त्यातून."

मी माझ्या फोनवर ते ॲप टाकलं, काकांचा नंबर भरला, त्यांनी ओटीपी सांगितला. (ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका हे मीच त्यांना शिकवलं होतं, पण ते असो.) हिशोब दिसला. शेवटच्या आठ-नऊ दिवसांच्या नोंदी मात्र नव्हत्या. काकांचा डेटा पॅक संपला होता, त्यामुळे त्या नोंदी फक्त त्यांच्या फोनमध्ये राहिल्या होत्या, सर्व्हरवर गेल्याच नव्हत्या. आणि फोनवर ॲपच उघडत नसल्यामुळे त्या पाठवायचा रस्ताही बंद. काही गिऱ्हाइकांनी स्वतःहून आकडा सांगितला, काही काकांनी आठवून लिहिले, काही पैसे बुडाले.

यात मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच सुमारास आमच्या कंपनीत जुन्या अँड्रॉइडचा सपोर्ट काढायचा विषय मीटिंगमध्ये आला होता आणि मीही हात वर केला होता. आमचं ॲप वेगळं, पण निर्णय तोच. जुन्या फोनवाले युजर थोडे, त्यांच्याकडून येणारा पैसा त्याहून थोडा, टेस्टिंगचा खर्च मात्र पुरा. कागदावर हे बरोबर दिसतं. तो कागद कसा तयार होतो आणि एकच मोबाइल धंदा वेगवेगळ्या देशांत वेगळा का करावा लागतो, हे या लेखात बघू.

इमर्जिंग आणि डेव्हलप्ड मार्केट म्हणजे काय?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याची व्याख्या दरडोई उत्पन्न, उद्योग, शेअर बाजार अशा गोष्टींवरून करतात. अमेरिका, जपान, जर्मनी हे डेव्हलप्ड. भारत, इंडोनेशिया, ब्राझील, केनिया हे इमर्जिंग. ॲप बनवणाऱ्याच्या टेबलावर मात्र याचा अर्थ जास्त साधा असतो: आपण युजरबद्दल कोणत्या गोष्टी न विचारता धरून चालतो?

अमेरिकेत बसलेली टीम साधारण असं धरून चालते. फोन एकाच माणसाचा आहे. घरी वायफाय आहे. युजरकडे ईमेल आहे आणि त्याचा पासवर्ड त्याला माहीत आहे. क्रेडिट कार्ड आहे. घराला नंबर आहे, रस्त्याला नाव आहे. इंग्रजी वाचता येतं.

आता हे मुकुंदवाडीच्या एखाद्या गल्लीत लावून बघा. फोन दिवसा पप्पांकडे, संध्याकाळी पोरांकडे. ईमेल आहे, पण तो फोन घेतला त्या दिवशी मोबाइल शॉपीवाल्याने बनवून दिला होता. पासवर्ड त्यालाच माहीत, आणि आता तोही विसरला असेल. एटीएम कार्ड आहे, पण ते एटीएमपलीकडे कुठे वापरलेलं नाही. पत्ता म्हणजे "मंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी, वरचा मजला". यातलं एकेक गृहीतक मोडलं की ॲपमधली एकेक स्क्रीन निकामी होते. "तुमच्या ईमेलवर लिंक पाठवली आहे" या एका वाक्यावर किती जण कायमचे अडकतात, ते सपोर्टच्या फोनवर बसलेल्या माणसाला विचारा.

म्हणून नुसतं भाषांतर करून आणि किंमत कमी करून भागत नाही. गृहीतकं बदलावी लागतात.

हलकं ॲप, आणि ते हलकं ॲप पुढे कुठे गेलं?

सगळ्यात आधी कंपन्यांच्या लक्षात आला तो फोन. नोकिया ११०० आठवतो का? तुम्हाला नसेल, पण घरात विचारा. २००३ चा हा फोन विकसनशील देश डोळ्यांसमोर ठेवून बनवला होता: धूळ आत जाऊ नये असा कीपॅड आणि डोक्यावर टॉर्च. लाइट जाते तिथे टॉर्च ही चैन नसते. पण त्याच नोकियाचा पहिला दोन सिमचा फोन २०१० मध्ये जाहीर झाला. तोवर मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी दोन सिमच्या जोरावर भारतात जागा धरली होती. एका सिमवर स्वस्त कॉल, दुसऱ्यावर स्वस्त पॅक, हे आपलं गणित फिनलंडमधून लवकर दिसलं नाही.

स्मार्टफोनच्या काळात हीच गोष्ट ॲपमध्ये आली. २०१५ मध्ये फेसबुकने फेसबुक लाइट काढलं. सुरुवातीला त्याची फाइल एक एमबीपेक्षाही लहान होती आणि ते टूजीवर चालावं म्हणून बनवलं होतं. गुगलने २०१४ मध्ये भारतातूनच अँड्रॉइड वन सुरू केलं, त्यात मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसचे सहा-साडेसहा हजारांच्या आसपासचे फोन होते. पुढे एक जीबी किंवा त्याहून कमी रॅम असलेल्या फोनसाठी अँड्रॉइड गो आलं. आणि २०१६ मध्ये भारतात जाहीर झालं यूट्यूब गो. व्हिडिओ बघण्याआधी तो किती एमबी खाईल ते हे ॲप सांगायचं, डाउनलोड करून ठेवू द्यायचं, आणि शेजारच्या मित्राला इंटरनेटशिवाय पाठवूही द्यायचं. कल्पना झकास होती.

पण तारीख बघा. यूट्यूब गोची घोषणा झाली सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि त्याच महिन्यात, ५ तारखेला, जिओ सुरू झालं. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडायचे. लोक व्हिडिओ लोड होऊ देत नव्हते, कारण पैसे जायचे. काही महिन्यांत तेच लोक बसमध्ये बसून अख्खा सिनेमा बघायला लागले. यूट्यूब गो ज्या अडचणीवर उतारा म्हणून बनवलं होतं, ती अडचणच आटत गेली. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद झालं. लाइट ॲप बनवणं चूक होतं असं नाही. इमर्जिंग मार्केट एका जागी थांबत नाही, आणि तुम्ही दोन वर्षं बसून ज्या युजरसाठी काम करता तो तोवर पुढे गेलेला असतो.

एक अडचण मात्र गेली नाही: स्टोरेज. डेटा स्वस्त झाला तशी फोनमध्ये गुड मॉर्निंगची फुलं, लग्नाचे व्हिडिओ, देवाचे फोटो भरत गेले. "स्टोरेज फुल" आलं की पहिलं काय उडवलं जातं? जे ॲप रोज लागत नाही ते. आमच्या धंद्यात ॲपचा आकार कमी ठेवायचा तो डाउनलोडसाठी, तसाच या साफसफाईतून वाचण्यासाठीही.

हलकं करूनही किती टिकतं, हा प्रश्न उरतोच. जिओफोन २०१७ मध्ये दीड हजार रुपयांच्या डिपॉझिटवर आला. त्यात अँड्रॉइड नव्हतं, कायओएस होतं. त्यासाठी व्हॉट्सॲपने वेगळं व्हर्जन बनवलं, ते सप्टेंबर २०१८ मध्ये आलं. जून २०२४ मध्ये कायओएसवर नव्याने व्हॉट्सॲप घेणं बंद झालं. कंपनीसाठी तो एक प्लॅटफॉर्म होता. ज्याच्याकडे तो एकच फोन, त्याच्यासाठी ते त्याचं व्हॉट्सॲप होतं.

इथे तांत्रिक बाजू थोडी सांगतो, म्हणजे काकांच्या फोनवर काय झालं ते कळेल. अँड्रॉइड ॲप बनवताना डेव्हलपर एक आकडा लिहितो: किमान कोणतं अँड्रॉइड हवं. तो आकडा वाढवला की त्याखालच्या फोनवर नवं व्हर्जन चढत नाही, पण आधीचं चालत राहू शकतं. काकांचं ॲप बंद पडलं ते दुसऱ्या कारणाने. जुनं व्हर्जन उघडलं की सर्व्हर विचारतो, "तू कोणता?" आणि जुना असेल तर ॲप दारच लावून घेतं. याला फोर्स अपडेट म्हणतात. सुरक्षेसाठी कधीकधी ते लागतं. पण दार लावण्याआधी आतला डेटा बाहेर काढून द्यायची दहा-वीस ओळींची सोय कुणी केली नव्हती.

पैसे: इथे खरी मजा आहे

मुकुंदवाडी सिग्नलपासून आत वळलात की भाजीच्या गाड्यांवर, वडापावच्या टपरीवर, पंक्चरच्या दुकानात एक छोटा डबा दिसेल. "सत्तर रुपये मिळाले" असं मोठ्याने ओरडणारा. साउंडबॉक्स. पेटीएमने तो आधी आणला, मग फोनपे वगैरेंनी. आपल्याला आता त्यात काही विशेष वाटत नाही, पण इमर्जिंग मार्केटसाठी डिझाइन म्हणजे काय हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

विचार करा, दुकानदाराची अडचण काय होती? पैसे आले की एसएमएस येतो, पण कधी उशिरा येतो. हात पिठाने नाहीतर तेलाने माखलेले, फोन खिशात. समोर चार गिऱ्हाइकं. त्यातला एक जण जुना स्क्रीनशॉट दाखवून निघून जातो. यावर उपाय म्हणून ॲपमध्ये आणखी एक स्क्रीन देऊन उपयोग नव्हता. कान मोकळे होते, म्हणून आवाज दिला. डब्यात स्वतःचं सिम असतं, दुकानदाराच्या फोनवर किंवा डेटा पॅकवर तो अवलंबून नसतो. मराठीत बोलतो. वाचता येणं ही अटच उरली नाही.

आता याच्या आधीची गोष्ट. २०१६ मध्ये यूपीआय आलं. १८ सप्टेंबर २०१७ ला गुगलने तेज नावाचं ॲप फक्त भारतासाठी काढलं. मराठीसह आठ भाषांत. त्यात शेजारच्या फोनला पैसे पाठवायला एक युक्ती होती: माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजातून दोन फोन एकमेकांना ओळखायचे. कारण परदेशात टॅप करून पैसे द्यायला जी एनएफसी चिप लागते, ती इथल्या स्वस्त फोनमध्ये नव्हती. स्पीकर आणि माइक मात्र सगळ्यांत होते. जोडीला स्क्रॅच कार्ड, म्हणजे आपल्याकडच्या लकी ड्रॉचीच डिजिटल आवृत्ती. ऑगस्ट २०१८ मध्ये तेजचं नाव गुगल पे झालं.

मग उलटा प्रवास सुरू झाला. भारतात हे इतकं चाललं की नोव्हेंबर २०२० मध्ये गुगलने अमेरिकेतलं गुगल पे नव्याने बनवलं, ते या भारतीय ॲपच्या धर्तीवर: माणसांशी चॅटसारखा व्यवहार, दुकानांच्या ऑफर, बक्षिसं. इमर्जिंग मार्केटमधून डेव्हलप्ड मार्केटला माल गेला, आपल्याला अभिमान वाटावा अशी बातमी. आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेतलं ते ॲप बंद झालं. तिथे आता गुगल वॉलेट आहे, जे मुळात कार्ड ठेवायचं पाकीट आहे. भारतात आणि सिंगापूरमध्ये गुगल पे तसंच चालू राहिलं.

माझ्या मते, तिथल्या माणसाला अडचणच नव्हती. त्याच्या खिशात कार्ड होतं, दुकानात मशीन होतं, फोन टेकवला की काम झालं. क्यूआर उघडा, स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, हे त्याच्यासाठी चार पायऱ्या मागे जाणं होतं. आपल्यासाठी तेच चार पायऱ्या पुढे जाणं होतं, कारण टपरीवाल्याकडे कार्डचं मशीन कधी आलंच नव्हतं. ठाणे जिल्ह्यातल्या धसई गावात नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये मोठा गाजावाजा करून स्वाइप मशीन वाटली, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून. पण गावोगावी पसरला तो छापील क्यूआर. कागदाला चार्जिंग लागत नाही.

डेव्हलप्ड मार्केटही सगळे सारखे नसतात बरं. जपानमध्ये रेल्वेच्या गेटवर लोक सुइका नावाचं कार्ड २००१ पासून टेकवत आहेत. गर्दीच्या वेळी गेटवर थांबायला जागाच नसते, म्हणून ते कार्ड सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात वाचलं गेलं पाहिजे अशी अट होती. त्यासाठी फेलिका नावाचं वेगळं तंत्रज्ञान वापरलं. ॲपल कुणासाठी सहसा आपला फोन बदलत नाही, पण २०१६ मध्ये जपानसाठीच्या आयफोन ७ मध्ये त्यांनी फेलिका घातलं. नाहीतर आयफोनवाल्याला खिशात वेगळं कार्ड ठेवावं लागलं असतं. आपल्या मुकुंदवाडी स्टेशनवर असं गेट नाही, त्यामुळे ती घाईही नाही.

आणि इमर्जिंग म्हणून जे एका देशात चाललं ते दुसऱ्यात चालेल, असंही नाही. केनियात सफारीकॉमने २००७ मध्ये एम-पेसा सुरू केलं. साध्या फोनवरून, एसएमएससारखे पैसे पाठवायचे. बँका कमी, एकाच मोबाइल कंपनीचा दबदबा, गल्लोगल्ली एजंट: तिथे ते घराघरात पोचलं. व्होडाफोनने तेच एम-पेसा २०१३ मध्ये भारतात आणलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. इथे मोबाइल कंपन्या ढीगभर, पैशाचा व्यवहार बँकेच्याच हातात राहावा हा रिझर्व्ह बँकेचा आग्रह, आणि २०१४ पासून जनधनमुळे खाती उघडलेली. थेट खात्यातून खात्यात पैसे जायला लागल्यावर मध्ये आणखी एक पाकीट कशाला?

परदेशी गेलेल्या मराठी पोरांना याची दुसरी बाजू माहीत आहे. यूपीआय ॲप चालू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो, त्यावरून बँक ओळखते की फोन तुमचाच आहे. (अँड्रॉइडवर ॲप तो स्वतः पाठवतं, आयफोन तसं करू देत नाही, म्हणून तिथे पाठवायचं बटण तुम्हीच दाबता.) म्हणजे ओळख सिमला बांधलेली. सिम बदललं की गाडी अडली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, युएई धरून १० देशांच्या नंबरवर एनआरआय खात्यांना यूपीआयची परवानगी मिळाली. त्या यादीत जर्मनी नव्हता, त्यामुळे म्युनिकला शिकणाऱ्या माझ्या मित्राने भारतीय सिम फक्त यासाठी जिवंत ठेवलं होतं.

मराठी केलं म्हणजे झालं का?

इथे माझा थोडा रागच आहे. बऱ्याच ॲपमधली मराठी ही हिंदीवरून केलेली असते. "जमा करा" म्हणजे फॉर्म जमा करायचा की पैसे, ते बटण दाबल्यावर कळतं. ळ आणि ऱ्य नीट न दिसणारे फॉन्ट, वरची वेलांटी कापली गेलेली बटणं. इंग्रजीत "पे" लिहायला तीन अक्षरं लागतात, आपल्याला "पैसे पाठवा" लिहायचं असतं, आणि बटणाची रुंदी आधीच ठरलेली असते.

यात एक पैशाचाही भाग आहे. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. "मुकुंदवाडी" हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, संगणकाला दहा खुणांचा, आणि साठवताना नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीस बाइटचा. म्हणजे मराठीत पाठवलेला बँकेचा मेसेज सहज दोन-तीन एसएमएसचा होतो आणि तितके पैसे लागतात. तुमच्या फोनवर ओटीपी इंग्रजीतच का येतात, त्याचं एक कारण हे.

शहराचं नाव बदललं तेव्हाही मजा झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या डेटाबेसमध्ये शहर हा नुसता मजकूर होता, त्यामुळे एकाच गल्लीतले दोन शेजारी दोन शहरांत राहायला लागले. शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, त्यामुळे सरसकट सगळीकडे नाव बदलणं शक्य नव्हतं. शहराला आधीपासून एक कायमचा कोड दिला असता तर हे पाच मिनिटांचं काम होतं. नावं बदलत नाहीत हेही एक गृहीतकच होतं.

मग कंपनीला यातून मिळतं काय?

फेसबुकच्याच आकड्यांवरून बघू. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडातल्या एका युजरमागे त्यांना सरासरी ६८.४४ डॉलर मिळाले. आशिया-पॅसिफिकमधल्या, म्हणजे तुमच्या-माझ्या गटातल्या युजरमागे ५.५२ डॉलर. बारा पटींहून जास्त फरक. सर्व्हरचा आणि इंजिनिअरचा खर्च मात्र युजर कुठला आहे ते बघून बारा पटींनी कमी होत नाही. मग "जुन्या फोनवाले काढून टाकू" हा कागद कसा तयार होतो ते कळतं. त्या कागदावर काकांची किंमत आधीच लिहिलेली असते.

यावर कंपन्या वेगवेगळे मार्ग काढतात. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतासाठी १९९ रुपयांचा फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन काढला, डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ वर आणला. यूपीआयमध्ये तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून व्यवहाराचं कमिशनच घेता येत नाही. मग कमाई कुठून? कर्ज, विमा, रिचार्ज, जाहिराती, आणि तोच साउंडबॉक्स: त्याचं महिन्याचं भाडं शंभराच्या आसपास असतं. भाजीवाला ते देतो, कारण त्याला फसवणूक टळलेली दिसते. फुकट व्यवहारावर कमाई नाही, डब्यावर आहे.

एक मार्ग आपण बंदही केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर महाराष्ट्रासह काही राज्यांत इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं, पुढे त्याचं नाव फ्री बेसिक्स झालं. निवडक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. गरिबांना काही नसण्यापेक्षा थोडं बरं, असा युक्तिवाद होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने साइटनुसार वेगळे दर लावायला मनाई केली आणि ते थांबलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या होस्टेलमध्ये यावर रात्रभर भांडणं झाली. सात महिन्यांनी जिओ आलं आणि पूर्ण इंटरनेटच स्वस्त झालं.

डेव्हलप्ड मार्केटमध्ये पैसा जास्त, पण नियमही कडक. मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर लागू आहे. मोडलं तर जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड. मेटाचं थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये भारतात पहिल्याच दिवशी मिळालं, युरोपियन युनियनला मात्र १४ डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं, कारण तिथल्या नियमांची खात्री होईपर्यंत कंपनीने ते आणलं नाही. इथे ॲप हलकं करावं लागतं, तिथे वकील जास्त ठेवावे लागतात.

आमच्या ॲपचं काय झालं?

मी पुढच्या मीटिंगमध्ये काकांची गोष्ट सांगितली. सपोर्ट काढायचा निर्णय बदलला नाही, खोटं कशाला सांगू. पण दोन गोष्टी मिळाल्या. दार लावण्याआधी ९० दिवस ॲप मराठीत सूचना दाखवतं. आणि बंद झाल्यावरही त्या शेवटच्या स्क्रीनवर दोन बटणं राहतात: "अडकलेल्या नोंदी पाठवा" आणि "पीडीएफ काढा". काम दीड दिवसाचं होतं. टेस्टिंगसाठी मी काकांचा तोच जुना फोन मागून घेतला, तो आता माझ्या टेबलावर असतो. त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही, आणि निम्मे बग त्याच्यावरच सापडतात.

काकांनी नवा फोन घेतला, ॲप पुन्हा टाकलं, आणि लाल वहीही पुन्हा सुरू केली. मी गावी आलो की रविवारी रात्री दोन्ही हिशोब समोरासमोर ठेवून जुळवतो. मागच्या वेळी चौदा रुपयांचा फरक निघाला. चूक वहीत होती, पण काकांना ते अजून मान्य नाही.